विश्लेषण : जुन्या ‘टेकडाउन’ रायफलीचे बॅरल सैल का पडते?

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेली अमेरिकेची ‘विंचेस्टर १८९४’ ही लिव्हर ओढून काडतूस चढवायची रायफल. तिचा ‘टेकडाउन’ प्रकार दोन तुकड्यांत सुटा होऊन पेटीत मावतो. आज यातल्या जुन्या रायफलींचे बॅरल कधी कधी सांध्यात डुगडुगते.

बॅरलच्या बुडाचे आटे मधून तोडलेले असतात, म्हणून पाव फेऱ्यात ते रिसीव्हरमध्ये बसते. खालची मॅगझिनची नळी आत फिरवली, की बॅरल परत फिरत नाही. सतत जोडण्या-सोडण्याने हा सांधा झिजतो.

डुगडुग थांबवणे त्यामानाने सोपे. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून सांध्यातली घाण, वाळलेले तेल काढावे. अर्धा दोष तिथेच असू शकतो. बॅरलवरच्या पोलादी कड्यात झीज भरून काढणारे बारीक स्क्रू असतात. ते थोडे थोडे, सारखेच फिरवायचे. हाताने जोर लावल्यावर बॅरल पुरते बसायला हवे, हातोडीने नव्हे!

पण घट्ट बसले म्हणजे सुरक्षित झाले, हा समज घातक. स्क्रू बॅरलचे हलणे थांबवतात. बोल्ट आणि बॅरल यांच्यातले वाढलेले अंतर कमी करीलच असे नाही. ते जास्त राहिले तर काडतुसाच्या बुडाला आधार मिळत नाही, पितळ फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळतो. म्हणून गोळी झाडण्याआधी जाणत्या कारागिराकडून हे अंतर गेजने मोजून घ्यावे लागते.