चिनी बुद्धिबळ : अक्षर आणि चित्र

इंटरप्ले या अमेरिकन कंपनीने १९८८ साली ‘बॅटल चेस’ हा संगणकावरील खेळ काढला. त्यातील मोहरे पटावर पायी चालत जात आणि प्रतिपक्षाच्या मोहऱ्याला द्वंद्वात लोळवून त्याची जागा घेत. १९९० साली त्याच कंपनीने चिनी बुद्धिबळ, म्हणजे श्यांग्छी, याच रीतीने पडद्यावर आणले. आजच्या विद्यार्थ्यांस ती चित्रे ओबडधोबड वाटतील. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्यांतून एक प्रश्न पडतो. जे मोहरे मुळात अक्षरे आहेत, त्यांची चित्रे केल्याने काय साधते आणि काय निसटते?

श्यांग्छीचे मोहरे म्हणजे चपट्या गोल चकत्या. प्रत्येकीवर एक चिनी अक्षर असते. ज्याला ते वाचता येत नाही, त्याला घोडा कोणता आणि रथ कोणता हे कळायचे नाही. चित्रांनी हा अडसर दूर केला, आणि हा उपकार लहान नव्हे.

परंतु त्या अक्षरांत श्लेष आहे. काळ्या पक्षाचा ‘हत्ती’ आणि तांबड्या पक्षाचा ‘मंत्री’ यांची अक्षरे निराळी. उच्चार मात्र एकच, ‘श्यांग’, आणि चालही एकच : तिरपी, दोन पावलांची, मध्ये कोणी नसेल तर. अनेक संचांत एका पक्षाच्या तोफेच्या अक्षरात अग्नी असतो, दुसऱ्याच्या अक्षरात दगड. उच्चार पुन्हा एकच. कानाला एक आणि डोळ्याला दोन, असा हा मौजेचा प्रकार आहे. चित्रकाराला हत्ती तरी काढावा लागतो, नाही तर मंत्री. (आपल्या पटावर कोपऱ्यातून सरळ धावतो तो हत्ती, चिनी पटावर ते काम रथाकडे आहे. चतुरंग सेनेच्या चार अंगांत रथ होताच, हे येथे आठवावे.)

पट नऊ उभ्या व दहा आडव्या रेषांचा असून मोहरे त्यांच्या ९० छेदांवर बसतात. मधोमध नदी असते. पुष्कळ पटांवर तिच्यात ‘छूची नदी, हानची सीमा’ असे लिहिलेले आढळते, इ. स. पू. २०३ मध्ये श्यांग यू आणि ल्यू बांग यांनी देश वाटून घेतला, त्याची ही खूण. हत्ती नदी ओलांडीत नाही. प्यादे ओलांडते, आणि पलीकडे गेल्यावरच त्याला आडवे चालता येते. तोफ एरव्ही रथासारखी चालते. मारताना मात्र मध्ये नेमका एक मोहरा असावा लागतो, मग तो आपला असो वा परका.

तोफेची ही झेप चित्रकाराच्या हाती चांगली लागते. द्वंद्वाचा निकाल मात्र नियमाने आधीच ठरलेला असतो : मारावयास येणारा जिंकणारच. चार डावांनंतर त्याचे नवल ओसरते. शिवाय या खेळात जे न घडलेले असते, त्याचेच वजन पुष्कळदा अधिक असते. घोडा एक पाऊल सरळ व मग एक तिरपे जातो. ते पहिले ठिकाण अडलेले असेल तर त्या दिशेने तो जाऊच शकत नाही. दोन सेनापती एकाच उभ्या रेषेवर समोरासमोर, मध्ये कोणी नसताना, येता कामा नयेत. म्हणून पटाच्या दुसऱ्या टोकाचा सेनापती स्वस्थ बसूनही मधल्या एकट्या मोहऱ्याला रेषेवर खिळवून ठेवतो. आणि ज्याला एकही चाल उरली नाही तो हरतो, जरी त्याला शह नसला तरी. आपल्याकडे तसा डाव बरोबरीत सुटतो. त्या वेळी पडद्यावर कोणी कोणाला मारीत नाही, आणि डाव संपलेला असतो.