खेळ लिहिणारा कामगार

कामगार म्हटला म्हणजे जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी वाहणारा किंवा वणीच्या कोळसाखाणीत राबणारा माणूस आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. संगणकापुढे बसून व्हिडिओ गेम लिहिणारा मनुष्य कामगार कसा, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. या प्रश्नाचे उत्तर सातोरू इवाता या जपानी प्रोग्रामरच्या चरित्रात सापडते.

इवातांचा जन्म १९५९ साली साप्पोरो येथे झाला. शाळकरी वयातच त्यांनी हिशेबाच्या यंत्रावर लहान लहान खेळ रचले. टोकियोत शिकत असता ते 'हॅल' नावाच्या छोट्या कंपनीत अर्धवेळ काम करू लागले आणि १९८२ साली तेथेच रुजू झाले. प्रोग्रामरचे काम म्हणजे यंत्राला हुकूम लिहून देणे. कळ दाबली की चित्र किती सरकावे, कशावर आदळले की काय व्हावे, हे सारे त्याला लिहावे लागते. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. एक हुकूम चुकला तरी खेळ अडतो. 'मदर २' हा खेळ असाच वर्षानुवर्षे अडला होता. आहे तसा दुरुस्त करण्यास दोन वर्षे लागतील, मुळापासून लिहिल्यास अर्ध्या वर्षात उभा राहील, असे इवातांनी सांगितले. १९९४ साली तो बाजारात आला.

१९९३ साली 'हॅल' कर्जात बुडाली असता इवातांना अध्यक्ष नेमण्यात आले. कर्ज होते सुमारे १५० कोटी येन! त्यांनी प्रत्येक नोकराशी समोरासमोर बसून बोलणे केले आणि सुमारे सहा वर्षांत कर्ज फेडले. २००२ साली ते 'निन्टेन्डो' या बड्या कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढे २०१२ साली आलेले 'वी यू' हे यंत्र खपले नाही, तोटा झाला. माणसे कमी का करीत नाही, असे भागधारकांनी विचारले. नोकरी जाण्याच्या धास्तीत असलेला माणूस लोकांचे मन जिंकणारा खेळ रचू शकत नाही, असे उत्तर त्यांनी २०१३ साली दिले. आणि २०१४ साली काही महिने स्वतःचा पगार निम्मा केला. २०१५ साली ते वारले.

हे औदार्य नव्हे, कामाची जाण होय. ते स्वतः ते काम करून वर आले होते.

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींचा 'राजी' हा खेळ २०२० साली प्रथम निन्टेन्डोच्याच 'स्विच' यंत्रावर आला. आपल्याकडची मुलेमुलीही या धंद्यात शिरत आहेत. परंतु प्रत्येक कंपनीला इवाता लाभत नाही. म्हणून कामाचे तास, पगार आणि नोकरीची शाश्वती ही अध्यक्षाच्या स्वभावावर सोडू नये. ती लेखी करारात असावी, आणि करार करून घेण्यासाठी कामगारांनी एकत्र यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.