मोरीचे पाणी, पागोळीचे पाणी

वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे आणि छतावरचा पाऊस साठवणे ही दोन्ही कामे विद्यापीठांच्या आवारात एकाच दमात सांगितली जातात. दोहोंचा स्वभाव मात्र वेगळा आहे. सांडपाणी रोज येते, पाऊस त्याच्या मर्जीने. अमेरिकेतील अटलांटा महानगरात या दोन्ही वाटांची चांगली उदाहरणे आहेत.

अटलांटा उंचवट्यावर वसले आहे. खाली कठीण खडक असल्याने भूजल बेताचे, त्यामुळे भिस्त चॅटाहूची नदीवर आणि तिच्यावरील लॅनियर सरोवरावर. वर्षाला सुमारे १,२५० मिलिमीटर पाऊस पडूनही २००७च्या डिसेंबरात या सरोवराने नीचांक गाठला. शिवाय अलाबामा आणि फ्लोरिडा या राज्यांशी पाण्याचा जुना तंटा होताच.

एमरी विद्यापीठाने २०१५ मध्ये ‘वॉटरहब’ हे सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र सुरू केले. दिवसाला सुमारे १५ लाख लिटर, म्हणजे आवाराच्या गरजेच्या जवळपास ४० टक्के पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. आवारातल्याच मलवाहिनीतून सांडपाणी उचलले जाते. ते आधी टाक्यांत जाते. तिथे पाण्यात फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि घाण खातो. पुढच्या टाक्या काचघरात आहेत. वर हिरवीगार झाडे, खाली पाण्यात लोंबणारी मुळे. पाहणाऱ्याला झाडेच पाणी स्वच्छ करतात असे वाटते, पण खरे काम मुळांना चिकटलेल्या सूक्ष्मजीवांचे. मग गाळ खाली बसवतात, पाणी बारीक गाळणीतून काढतात आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करतात.

हे पाणी मुख्यतः शीतकरण संयंत्रांना आणि वाफेच्या बॉयलरला जाते, काही वसतिगृहांत फ्लशलाही. शीतकरणाच्या कूलिंग टॉवरमध्ये पाणी वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते साचले की नळ्यांवर खपली धरते. म्हणून टॉवरमधले काही पाणी वेळोवेळी सोडून द्यावे लागते. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात क्षार आणि फॉस्फेट मुळातच जास्त, त्यामुळे रसायनांची मात्रा डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. दुसरी अडचण सुट्टीची: उकाडा वाढून टॉवरची तहान वाढते, नेमकी तेव्हाच वसतिगृहे रिकामी होतात. आवारात रुग्णालय असेल तर प्रवाह टिकतो. एमरीत ते आहे.

या प्रकल्पाचा हिशेबही वेगळा. विद्यापीठाने भांडवल घातले नाही. खासगी कंपनीने संयंत्र उभारले आणि विद्यापीठ दीर्घ मुदतीच्या कराराने पाणी विकत घेते.

त्याच महानगरातील जॉर्जिया टेकने पावसावर भर दिला. तिथल्या क्लफ इमारतीसोबत २०११ मध्ये हिरवळीखाली सुमारे ५३ लाख लिटरची टाकी झाली. तिचे पाणी फ्लशला आणि बागेला जाते. २०१९ मध्ये खुली झालेली केंडेडा इमारत आणखी पुढे गेली. तळघरातल्या सुमारे १.९ लाख लिटरच्या टाकीतले पावसाचे पाणी गाळून, निर्जंतुक करून पिण्यालायक केले जाते. शौचालये फेसावर चालणारी, खत करणारी. हात धुतलेले पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून जाते.

पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य, शुद्धीकरण सोपे. खर्च होतो तो टाकीवर. हजार चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे फार तर २५ हजार लिटर. अटलांटात बारमाही पाऊस असल्याने टाकी वर्षभर भरते आणि रिकामी होते, म्हणून तिचा खर्च अंगी लागतो. पुण्यासारख्या ठिकाणी बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. एवढी टाकी पुढचे आठ महिने बहुधा कोरडी राहील. तिथे पागोळीचे पाणी विहिरीत, जमिनीत मुरवावे आणि रोजची गरज शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भागवावी, हेच व्यवहाराचे.

दोन्ही पद्धतींत एक धोका समान आहे: पिण्याच्या नळाशी चुकीची जोडणी. आवारातली वाहिन्यांची जाळी एकाच मालकाची असल्याने विद्यापीठाला ती सांभाळणे शहरापेक्षा सोपे जाते. अमेरिकेत पुनर्वापराच्या वाहिन्या जांभळ्या रंगाच्या ठेवण्याचा प्रघात आहे. तरी रंगावर विसंबत नाहीत. एक जाळे बंद करतात, दुसऱ्यात दाब ठेवतात आणि बंद जाळ्याच्या तोट्या उघडून कुठे पाणी येते का ते पाहतात.