वजनकाटा क्लाऊडवर नेऊ नका

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या केन यार्डात रात्री दोन वाजताही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हलत असते. ट्रॉली काट्यावर चढते, वजन पडतं, पावती निघते, की मागची पुढे सरकते. या पावतीचं सॉफ्टवेअर इंटरनेटच्या भरवशावर टाकलं आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तर रांग जागच्या जागी थिजणार. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन घटतं, आणि शिव्या संगणक विभागाच्या वाट्याला येतात.

‘सगळं क्लाऊडवर न्यायचं का?’ हा प्रश्न संचालक मंडळापुढे येतो तो असा घाऊक. उत्तर मात्र किरकोळीत द्यायला हवं. काट्याचा विचार वेगळा, ऊसनोंदीचा वेगळा, सभासदांच्या ॲपचा वेगळा.

क्लाऊड म्हणजे भाड्याची मशीन, आणि तीही जमिनीवरच असतात: मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुण्यात, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत. भाडं पडतं वापरावर. ऊसबिल बँकेत जमा झालं, की त्या दिवशी हजारो सभासद एकाच वेळी ॲप उघडतात. पावसाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही. त्या मोजक्या दिवसांसाठी मोठा सर्व्हर घेऊन वर्षभर एसीत पोसायचा, म्हणजे लग्नाचा मांडव बारमाही उभा ठेवायचा. ॲप खुशाल क्लाऊडवर न्या.

पगारपत्रक आणि भांडाराच्या नोंदी यांचा भार बाराही महिने जवळपास सारखा. तिथे भाडं महाग पडू शकतं. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचं २०२२ सालचं क्लाऊडचं बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी साधारण ७ लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि बरंचसं काम स्वतःच्या मशीनवर परत आणलं. अर्थात, त्यांच्याकडे ती मशीन सांभाळणारी तयार माणसं होती. तालुक्याच्या गावी रात्री डिस्क बदलायला कोण येणार, हा खर्चही हिशेबात धरायला हवा. तो सहसा कुणी धरत नाही.

क्लाऊडवाले दाखला देतात नेटफ्लिक्सचा. २००८ मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी ॲमेझॉनकडे जायचं ठरवलं. पण ते स्थलांतर पुरं झालं जानेवारी २०१६ मध्ये. जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून न्यायचं त्यांनी टाळलं. बहुतेक सगळं नव्याने लिहिलं. आपल्याकडचा विक्रेता ‘दोन महिन्यांत करून देतो’ म्हणतो, तेव्हा तो उचलून ठेवण्याबद्दल बोलत असतो. मग जुनेच दोष राहतात, फक्त भाडं नवं.

हिशेबाच्या पुस्तकांबाबत एक अट आहे. कारखाना कंपनी कायद्याखाली नोंदलेला असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. करारात ‘डेटा कुठे राहील’ हे नाव घालून लिहून घ्या.

आणि बॅकअप एकाच घरात नको. मे २०२४ मध्ये गुगल क्लाऊडकडून ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची खासगी क्लाऊड यंत्रणाच चुकून पुसली गेली. सहा लाखांवर सभासद आठवडाभर आपली शिल्लक पाहू शकले नाहीत. सावरायला मदत झाली ती दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची.

आणखी एक मेख. क्लाऊडवर डेटा चढवायला सहसा पैसे पडत नाहीत. ठरावीक मर्यादेपलीकडे उतरवताना मीटर पडतो. तेव्हा सही करण्याआधी विक्रेत्याला एक काम सांगा: गेल्या हंगामाचा डेटा वर चढवा आणि आमच्या डोळ्यांदेखत आमच्याच मशीनवर परत उतरवून दाखवा. किती तास लागले आणि किती बिल आलं, ते लिहून घ्या.