रात्र मोजणारी फुलं

बसा पोरांनो, जरा जवळ सरकून बसा. आज उशिरा फुलणाऱ्यांची गोष्ट सांगतो.

साताऱ्याजवळचं कास पठार तुम्ही ऐकून आहात. भाद्रपदात तिथं माणसांची रीघ लागते. ऑक्टोबर सरत आला की लोक म्हणतात, संपला हंगाम. पण त्याच सुमाराला जांभ्या दगडावरच्या आटत चाललेल्या डबक्यांत जांभळी मंजिरी फुललेली असते. तिच्या तुऱ्यांचे पट्टेच्या पट्टे पसरतात आणि मधमाश्या तिथं मनसोक्त वावरतात. खाली डोंगरउतारावर कारळ्याची शेतं पिवळीधमक होतात. पाऊस ओसरलेला, थंडी अजून यायची. सगळं आवरायच्या वेळी ही मंडळी फुलायला लागतात.

मग यांना उशीर झाला का?

सरळ उत्तर देत नाही. आधी शंकेश्वराला भेटा. ओढ्याकाठी, उकिरड्याजवळ रानोमाळ वाढणारं हे तण, कुणी त्याला लांडगा म्हणतं, कुणी गोखरू. त्याची काटेरी बोंडं मेंढ्यांच्या लोकरीत आणि आपल्या धोतरात अडकतात. शेतकऱ्याला ते नकोसं. फूल तर इतकं साधं की कुणी वळून पाहत नाही. पण फुलण्याची वेळ झाडाला कशी कळते, हे माणसाला ज्या झाडांनी शिकवलं, त्यांत याचा मान फार मोठा.

त्याच्याही आधी तंबाखूचा क्रम लागतो. अमेरिकेत 'मेरीलँड मॅमथ' नावाचा तंबाखू होता. उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर वाढायचा, पण फुलायचं नाव नाही. हरितगृहात हलवला की ऐन हिवाळ्यात फुलायचा. वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी ऊब तपासली, पाणी तपासलं, खत तपासलं. काहीच जुळेना. मग १९१८च्या जुलैत त्यांनी शेतात एक अंधारी खोली उभी केली. दुपारी चार वाजले की कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. लख्ख उन्हाळ्यात झाडांना हिवाळ्याएवढा छोटा दिवस दिला, आणि ती फुलली! १९२० साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

सगळ्यांना वाटलं, झाड दिवस मोजतं. १९३८ साली शिकागोत कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी शंकेश्वराला विचारून पाहिलं. दिवसा मध्येच अंधार केला, तर झाडाला त्याचं काहीच वाटलं नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर एक मिनिटभर दिवा लावला, तर फुलणंच थांबलं. म्हणजे झाड मोजत होतं ती रात्र, आणि तीही अखंड रात्र. जुन्या लग्नांत घटिकापात्र ठेवत. छिद्रातून पाणी भरत भरत वाटी बुडली की मुहूर्त. मध्येच कुणी वाटी उपसली तर पुन्हा पहिल्यापासून भरायची. शंकेश्वराच्या रात्रीचं तसंच. तांबड्या उजेडाला जागणारं एक रंगद्रव्य पानात असतं, ते ही खबर ठेवतं. शिकागोच्या त्या झाडाला साडेआठ तासांहून थोडी जास्त अखंड रात्र पुरे होती, तीही एकच. दक्षिणेकडच्या प्रदेशांतल्या शंकेश्वराला याहून लांब रात्र लागते. ज्या त्या मातीचं माप वेगळं.

आणि मोजायला रात्रच का? पाऊस लांबतो. दसऱ्याला कडक ऊन पडतं, दिवाळीत अवकाळी सरी येतात. या सगळ्यांनी फसवलं तरी रात्रीची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तीच असते. आपल्याकडे वर्षातला मोठ्यात मोठा दिवस आणि लहानात लहान दिवस यांत दोन तासांहून थोडाच जास्त फरक, तरी आपली जुनी तूर जूनमध्ये पेरली की रात्री वाढू लागल्यावरच फुलोऱ्यात येते. आता सांगा, तिला उशीर झाला म्हणाल? जो साक्षीदार खोटं बोलत नाही त्याच्यासाठी ती थांबली, एवढंच. मला तर शहाणपण हेच वाटतं, कुणाच्या शब्दावर फुलायचं ते ओळखणं. तुमच्यापैकी कुणाला वाचायला उशिरा आलं असेल, कुणाला गणित अजून येत नसेल, तर मी चिंता करणार नाही. कुणी तुमच्या रात्रीत सारखा दिवा लावत नाही ना, एवढं मात्र पाहीन.

'मग सगळ्यांत जुनं पान सगळ्यांत शहाणं असेल,' असं धाकटी म्हणते. नाही गं बाळ. शंकेश्वराची अगदी कोवळी पानं कच्ची आणि अगदी जुनी पानंही मंद. अर्धं वाढलेलं, अजून वाढत असलेलं पान रात्र सगळ्यांत चांगली मोजतं. मला हे फार आवडतं. नुसतं वय झालं म्हणून जाण येत नाही, वाढ चालू असावी लागते.

मोजतं पान, फुलतो मात्र शेंडा. मग निरोप कोण नेतं? मॉस्कोत मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढली, खालच्या पानांनाच लांब रात्र दिली, तरी वर कळ्या आल्या. १९३०च्या दशकात त्यांनी या निरोप्याला नावही दिलं, फ्लोरिजेन. तो हाती लागायला ७० वर्षं गेली. २००७ साली कळलं की ते एक छोटं प्रथिन आहे, पानात बनतं आणि रसवाहिन्यांतून शेंड्याकडे जातं.

शंकेश्वराची आणखी एक गंमत. त्याच्या प्रत्येक बोंडात दोन बिया. एक लवकर रुजते, दुसरी बहुधा पुढच्या वर्षापर्यंत थांबते. पहिलीचं काही बरंवाईट झालं तर वंशाला दुसरी असते.

आता काम तुमचं. शेवंतीच्या दोन कुंड्या करा, एकाच झाडाच्या फुटव्यांच्या. एक गच्चीच्या, रात्री अंधार असलेल्या कोपऱ्यात ठेवा. दुसरी ओसरीच्या दिव्याखाली, जिथं बल्ब रात्रभर जळतो. ऊन आणि पाणी दोघींना सारखं. कळी आधी कुठं येते ते रोज वहीत लिहा. आणि शाळेच्या वाटेवर रस्त्याच्या दिव्याखाली सोयाबीनचं शेत लागतं ना, बाकी शेत पिवळं पडलं की दिव्याजवळचा तुकडा किती हिरवा राहतो, तेही पावलांनी मोजून या.