घरसामान, प्राचीन (जुन्नर–आंबेगाव परिसर)

निजणे, बसणे, साठवण व दिवाबत्ती यांसाठी घरात वापरण्यात येणाऱ्या स्थिर व चल वस्तू. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरातील अशा प्राचीन वस्तूंची कल्पना मुख्यतः जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांवरून येते.

ईजिप्तच्या कोरड्या हवेत लाकूड हजारो वर्षे टिकले. देर एल्-मदीना येथे १९०६ मध्ये उघडकीस आलेल्या, खा नावाच्या स्थपतीच्या थडग्यात पलंग, तिवया व पेट्या सुस्थितीत मिळाल्या. सह्याद्रीच्या परिसरात मात्र पाऊस व वाळवी यांमुळे लाकूड व वेळू नष्ट झाले आणि कातळात कोरलेले तेवढे उरले.

लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी व तुळजा येथील लेणी प्रामुख्याने इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक या काळातील आहेत. विहारांतील अनेक खोल्यांत भिंतीलगत निजण्यासाठी दगडी ओटे, तर काही दालनांत बसण्यासाठी बाक कोरलेले आहेत. दारांलगतच्या खाचांवरून लाकडी चौकटी व कवाडे असल्याचे दिसते. बौद्ध विनयग्रंथांत मंच (खाट), पीठ (बैठक), गादी व उशी यांचे उल्लेख असून खाटेच्या पायांची उंची आठ अंगुलांपुरती मर्यादित केली आहे. त्यावरून भिक्षू लाकडी सामानही वापरीत, हे स्पष्ट होते.

नष्ट झालेल्या वस्तूंचा अप्रत्यक्ष पुरावा शिलालेखांत मिळतो. जुन्नरच्या एका लेखात वसकार (वेळूकाम करणारे) व कासकार (कासार) यांच्या श्रेणींचा, तर दुसऱ्यात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीचा निर्देश आहे. त्यांवरून टोपल्या, काशाची भांडी व धान्य साठविण्याची साधने नित्य वापरात असावीत, असे अनुमान करता येते.

या दोन्ही तालुक्यांतील जुन्या वळणाच्या घरांतही ओटा व कोनाडा भिंतीचाच भाग असत. कारवीचा कुड, वेळूची कणगी, शिंके, खुंटी व बाज यांचाही वापर असे. या वस्तूही नाशवंतच होत. त्यामुळे अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या भिक्षूंच्या शय्या आज पाहता येतात; त्यांना लेणी दान करणाऱ्या संपन्न गृहपतींच्या स्वतःच्या घरांतील खाटपेटी मात्र उरलेली नाही.