टेबल घरी आणण्याआधी

पूल टेबलाचा जीव हिरव्या कापडाखालच्या दगडात असतो. दुकानात गेल्यावर नजर जाते ती शिसवी रंगावर, पायांच्या नक्षीवर, पॉकेटांच्या चामड्यावर. घेणारा त्यावरच भुलतो. टेबल बसवणारा माणूस मात्र आधी वाकून खाली बघतो, स्लेट आहे की नुसतं दाबलेल्या भुश्शाचं फळकूट आहे, याची खात्री करतो आणि मगच कामाला हात लावतो.

पुण्यात बाणेरला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आठ फुटी टेबल बसवलं जात होतं, तेव्हा दिवसभर तिथं बसून हे काम बघायला मिळालं. बसवणारे काका क्लबांची, पार्लरांची टेबलं बांधण्यात आणि त्यांचं कापड बदलण्यात मुरलेले. सोबत एक तरुण मदतनीस. घरमालकानं विचारलं, "काका, दोन तासांत होईल ना?" काका म्हणाले, "साहेब, उभं दोन तासांत होईल. खेळायचं असेल तर संध्याकाळ धरा."

स्लेट तीन तुकड्यांत आली होती. जाडी इंचभर, एकेका तुकड्याचं वजन साठ-सत्तर किलो. दोघांनी ती उभी धरून आणली. आडवी उचलली तर आपल्याच वजनानं मधून तडकू शकते. आधी लाकडी सांगाडा जोडून तो चारी बाजूंनी लेव्हल केला, मग त्यावर मधला तुकडा आणि शेवटी दोन्ही टोकांचे. खरं काम इथून पुढे सुरू झालं. काका स्पिरिट लेव्हल लांबीत ठेवत, मग रुंदीत, मग तिरकी, मग सांध्यावर. बुडबुडा जरासा सरकला की मदतनीस खाली झोपून स्लेट आणि सांगाडा यांच्या फटीत पातळ पाचर सरकवी. कुठं लाकडाची चकती, तर कुठं नुसता पत्त्यांच्या कॅटातल्या जुन्या पानाचा तुकडा. स्पर्धेच्या टेबलाला लांबीच्या दिशेनं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही, आणि तो अर्धा मिलिमीटर गाठण्यात अख्खी सकाळ गेली.

दोन तुकड्यांच्या सांध्यावरून काका अंगठ्याचं नख फिरवत होते. "डोळ्याला सपाट दिसतं, नखाला अडतं," ते म्हणाले. नख अडायचं थांबल्यावर सांध्यात मधमाश्यांचं मेण वितळवून ओतलं, थंड होऊ दिलं आणि पात्यानं खरवडून दगडाच्या पातळीला आणलं. काही कारागीर मेणाऐवजी पुट्टी भरतात. काकांना ती पसंत नाही. पुट्टी एकदा घट्ट झाली की टेबल हलवताना सांधा ठोकूनच सोडवावा लागतो आणि कडेचे टवके उडतात. मेणाला थोडी आच दिली की ते सुटतं. जे टेबल आज बसतंय ते कधीतरी हलणार आहे, हे हा माणूस पहिल्या दिवसापासून धरून चालतो.

जेवण झाल्यावर कापड. हे साधं फेल्ट नव्हे, पीळदार लोकरीच्या धाग्याचं घट्ट विणलेलं कापड असतं. एका टोकाला पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाकडून ओढायचं, मग बाजू. ओढ कमी पडली तर चेंडू रेंगाळतो. एकाच बाजूला जास्त झाली तर वीण तिरपी होते आणि हळू जाणारा चेंडू वाट सोडतो. पॉकेटांच्या तोंडाशी कापड कापून आत वळवताना काकांनी बोलणं बंद केलं होतं. तिथं कात्री अर्धा इंच जास्त गेली की सगळं कापड वाया.

मग कुशनं. पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे 57 मिलिमीटरच्या जरा वर. कुशनच्या रबराचं नाक स्लेटपासून त्या व्यासाच्या साधारण 63-64 टक्के उंचीवर हवं, छत्तीस मिलिमीटरच्या आसपास. नाक खाली गेलं तर जोरात आलेला चेंडू उडतो. वर गेलं तर तो दाबला जातो आणि त्याची गती मरते. बोल्ट आवळून झाल्यावर काकांनी कुशनच्या कडेवर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत एक फेरी मारली. एका जागी आवाज पोकळ आला, तिथला बोल्ट पुन्हा आवळला. शेवटी एक चेंडू इतका हळू सोडला की तो समोरच्या कुशनपाशी पोचतो की नाही अशी शंका यावी. "जोरात मारलेला चेंडू उतार लपवतो," काका म्हणाले, "हळू सोडलेला सगळं सांगतो."

टेबल विकत घ्यावं की बाहेर जाऊन खेळावं, हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे काम एकदा दाखवीन. या खेळातली मजा ज्या नेमकेपणातून येते तो नेमकेपणा विकत मिळत नाही, तो राखावा लागतो. काका निघताना मालकाला सांगून गेले की दीड-दोन महिन्यांनी बोलवा, पुन्हा येऊन लेव्हल बघतो, कारण पाय फरशीवर बसायला वेळ लागतो. हे बोलावणं किती घरांतून खरोखर येतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "टेबल काढून न्यायला बोलावतात. कापड नवंच असतं, नुसतं खिडकीकडच्या बाजूला फिकं पडलेलं. वर इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवलेले असतात."

जागेचं गणित लोक हमखास चुकवतात. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 88 बाय 44 इंच असतो. क्यू 58 इंचांचा. कुशनला चिकटलेला चेंडू मारायचा तर अख्खा क्यू खेळायच्या भागाबाहेर असतो, म्हणून दोन्ही बाजूंना क्यूची लांबी मिळवायची. बेरीज येते 17 फूट बाय 13 फूट 4 इंच, आणि हात मागं न्यायला वर अर्धा-अर्धा फूट. यात सोफा नाही, कपाट नाही, खोलीच्या मधला खांबही नाही. नऊ फुटी टेबलाला 18 फूट बाय 14 फूट जागा लागते आणि बारा फुटी स्नूकर टेबलाला 22 बाय 16. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला हॉल यात कुठं बसतो ते ज्यानं त्यानं फूटपट्टी लावून बघावं. आखूड क्यू वापरून काम भागतं असं दुकानदार सांगतात. भागतं खरं, पण त्या एका भिंतीपाशी हात कायमचा आखडायला शिकतो.

वजनाची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून आखतात. आठ फुटी टेबल तीन-चारशे किलोंचं असतं आणि ते तीन चौरस मीटरवर पसरतं. चांगल्या बांधकामाला ते जड नाही. स्नूकरचं टेबल टनाच्या वर जातं; ते वरच्या मजल्यावर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय राहू नये. जुन्या इमारतीत तर दोन्हींसाठी विचारावं.

आणि मग आपला पाऊस. लोकर ओल धरते. जुलैत मुंबईत, कोकणात, अगदी पुण्यातही खोली बंद राहिली की चेंडू जड झाल्यासारखा चालतो, लाकूड फुगतं आणि भुश्शाच्या फळकुटाचं टेबल असेल तर ते मधून पोटात जातं. जुन्या जिमखान्यांत सकाळी मार्कर, म्हणजे टेबलं राखणारा माणूस, येतो, स्नूकर टेबलाच्या कापडाची लव ज्या दिशेला असते त्याच दिशेनं ब्रश मारतो, मग जड इस्त्री एकाच दिशेनं सरळ ओढतो. हे झाल्याशिवाय सभासदाला क्यू हातात मिळत नाही. पूलच्या कापडाला लव नसते म्हणून इस्त्री लागत नाही, पण खडूची पूड रोज झाडावीच लागते, नाहीतर ती विणीत जाऊन बसते. घरात हे काम कोण करणार, हे आधी ठरवावं. आठवड्याभरानं ते कुणाचंच नसतं.

पैशांचं बघू. दर गावोगावी वेगळे आहेत, पण हिशेबापुरतं धरा की स्लेटचं बरं टेबल दोन लाखांना पडलं आणि पार्लरात तासाला दोनशे रुपये पडतात. दोघांनी वाटून घेतले तर तुमचे शंभर. दोन लाखांत तुमचे 2000 तास होतात. आठवड्याला चार तास खेळलात तरी साडेनऊ वर्षं. त्यात मधे एकदा-दोनदा कापड बदलणं, टिपा, खडू, लेव्हल आणि त्या खोलीची किंमत धरलेली नाही. पैसा वाचवायला म्हणून टेबल घेऊ नये, एवढं यातून सरळ दिसतं.

पण माझं खरं म्हणणं पैशांविषयी नाहीच. क्यूचे हे खेळ मुळात माणसांच्या गोतावळ्यात वाढले; स्नूकरचंच बघा. 1875 च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये अडकून पडलेल्या अधिकाऱ्यांपैकी नेव्हिल चेंबरलेननं (पुढं ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे) चालू खेळात रंगीत चेंडू वाढवले आणि त्यातून स्नूकर निघालं. पुढं उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला तो पहिला जागतिक किताब. 1964 मध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला. जगज्जेते पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचा, 1985 चा, वाढले बेंगळुरूत. थोरल्या भावामागून ते तिथल्या एका पार्लरात गेले आणि बघत बघत खेळाला लागले. दुसऱ्याचा खेळ बघणं ही या खेळातली निम्मी शाळा आहे.

पार्लरात हे रोज घडतं. शेजारच्या टेबलावरचा कुणी अनोळखी माणूस ज्या चेंडूकडे तुम्ही बघितलंही नसतं तो आधी घालतो, कारण त्यानंतर पांढरा चेंडू कुठं थांबणार हे त्यानं ठरवलेलं असतं. हरेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे, हा अलिखित नियम असतो, आणि आठ नंबरच्या चेंडूवर उरलेला शेवटचा शॉट त्यामुळेच जड होतो. तो जडपणा घरात येत नाही. घरी चुकलेला शॉट आपण चेंडू परत ठेवून पुन्हा मारतो. तिथं हात घडतो, मान्य. सरळ स्ट्रोक, क्यू हनुवटीखालून न हलवता पुढं नेणं, पांढरा चेंडू थांबवणं, मागं आणणं, हे एकट्यानं तासन्‌तास घोटावं लागतं आणि त्यासाठी घरच्या टेबलासारखी सोय नाही. पण दबाव, डाव रचणं, समोरच्याला अडचणीत ठेवणं हे समोर माणूस असल्याशिवाय येत नाही, आणि तोच तोच माणूस असून भागत नाही.

घरच्या टेबलाच्या बाजूनं एक कारण मात्र मला फार वजनदार वाटतं. आपल्याकडची कितीतरी पार्लरं आजही मुलींना सहज पाऊल टाकता येईल अशी नाहीत. जिन्याखाली दार, आत धूर, आणि आत येणारीकडे वळणाऱ्या दहा नजरा. बाणेरच्या त्या बंगल्यात टेबल आलं ते चौदा वर्षांच्या लेकीसाठी. तिनं सुट्टीत आजोळी हा खेळ बघितला होता, वडिलांना तिला पार्लरात पाठवायचं धाडस होईना. संध्याकाळी टेबल तयार झाल्यावर पहिला ब्रेक तिनंच केला. चेंडू फुटले, दोन गेले आणि काकांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकून तिला क्यू धरलेल्या हाताचं कोपर कुठं असावं ते दाखवलं. अशा घरात टेबल आलं तर मी आनंदानं म्हणेन, घ्या. आणि त्याच वेळी असंही म्हणेन की ज्या शहरात मुलीला हा खेळ शिकायला बंगला लागतो, तिथल्या पार्लरवाल्यांनी आपलं दार, दिवे आणि धूर यांच्याकडे एकदा बघावं.

बाकी बहुतेकांसाठी माझा कौल स्पष्ट आहे: बाहेर खेळा. वरच्या हिशेबात बसणारी मोकळी खोली, आठवड्याला येणारे निदान तीन-चार भिडू आणि रोज ब्रश मारणारा एक हात, या तिन्हींतलं एक जरी नसेल तरी टेबल घेऊ नका. आणि घेतलंच तर दोन वर्षं थांबून स्लेटचं घ्या, स्वस्तातलं फळकुटाचं आज घेऊ नका. बसवायला कारागीर असा बघा, जो दोन तासांत काम उरकून देण्याचं कबूल करत नाही.

याहून चांगली वाट आपल्या दारातच आहे. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये पूल टेबल असतं. बिल्डरनं माहितीपत्रकात दाखवायला ठेवलेलं, पहिल्या वर्षातच कापड फाटलेलं, दोन चेंडू हरवलेले, क्यूंना टिपा नाहीत. टेबल बऱ्याचदा वाईट नसतं, त्याला वाली नसतो. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत नवं कापड, वर्षातून दोनदा लेव्हल आणि टेबल राखणाऱ्या माणसाचा पगार, एवढा खर्च मांडा आणि मंजूर करून घ्या. शंभर घरांत वाटला तर तो प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ येतो, आणि खेळायला शंभर घरांतली माणसं मिळतात.